सेकंड-हँड रायफल आली आणि स्कोअर घसरला: दोष नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. मुलगी १५ वर्षांची आहे आणि १० मीटर एअर रायफल खेळते. क्लबच्या रायफलवर ६० शॉटमध्ये तिचे ६१२ च्या आसपास येत होते (दशांश गुणांच्या पद्धतीत, जिथे एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात). आता तुम्ही एक सेकंड-हँड पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल घेतली आणि स्कोअर ५९७ वर आला. रेंजवर एकजण म्हणतो बॅरल (नळी) संपले, दुसरा म्हणतो रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) गेला, तिसरा पेलेट (शिशाची छोटी गोळी) बदलायला सांगतो. नवीन बॅरलचा खर्च तुम्हाला सांगितला गेला आहे आणि तो करावा का, असे तुम्ही विचारता.

एवढ्यात अजिबात करू नका. कारणे सविस्तर देतो, कारण रायफल आणि नेमबाज यांच्यात दोष कुणाचा हे ठरवायच्या आधी पैसे खर्च झालेली घरे मी फार पाहिली आहेत. त्यात नुसते पैसे जात नाहीत, त्या मुलाचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही जातो.

आधी ही घसरण मिलिमीटरमध्ये केवढी आहे ते बघा. ६१२ म्हणजे दर शॉटला सरासरी १०.२ आणि ५९७ म्हणजे ९.९५. फरक पाव गुणाचा. टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर २.५ मिमी असते, म्हणजे पाव गुण हा साधारण ०.६ मिमी. सरासरी प्रत्येक शॉट मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त लांब जातो आहे, एवढेच. बॅरल खरोखर खराब झाले तर नुकसान बहुधा एवढ्यावर थांबत नाही. अधूनमधून आठ-सात येऊ लागतात आणि त्यांना काही हिशोब नसतो. तुमच्या आकड्यावरून मला हे जुळणीचे प्रकरण वाटते. पण वाटण्यावर जायचे नाही, तपासून बघायचे.

पहिला प्रश्न असा की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, सरकला आहे की फुटला आहे? हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. ग्रुप घट्ट आहे पण मध्यावर नाही, तर साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवून काम होते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्रा यांचा पहिला शॉट चारच्या वर्तुळात गेला होता, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९६ (तेव्हा दशांश न धरता पूर्ण गुणच मोजत) मारणारी रायफल तीच होती. त्यांनी साइट पुन्हा जुळवली आणि सुवर्णपदक जिंकले. सरकलेला ग्रुप भीतीदायक दिसतो, पण तो सर्वांत सोपा दोष आहे. फुटलेल्या ग्रुपवर मात्र क्लिक फिरवत बसलात तर दिवसभर शॉटच्या मागे धावाल. मुलीला सांगा, पाच शॉट होईपर्यंत साइटला हात लावायचा नाही.

आता रायफलला एकटीला तपासा. रायफल पकडून ठेवणारा व्हाइस असलेला आर्मरर, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणारा, जवळपास असेल तर उत्तम. नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवा, पुढची पिशवी स्टॉकच्या (रायफलच्या दांड्याच्या) पुढच्या भागाखाली आणि मागची बटखाली. बॅरल कशालाही टेकू देऊ नका. बसून, आरामात, अनुभवी नेमबाजाकडून मारून घ्या, मुलीकडून नाही. पीसीपीला झटका नगण्य असतो, त्यामुळे पिशवीवरची चाचणी विश्वासाची असते. कागदी टार्गेट वापरा. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर भोकाची कडा बघता येत नाही. प्रत्येक टार्गेटवर १० शॉट, अशी निदान पाच टार्गेट. तीन शॉटचा सुंदर ग्रुप खिशात घेऊन फिरणारे खूप भेटतात, पण तीन शॉटमधून काहीच सिद्ध होत नाही.

मोजताना ग्रुपची बाहेरची कडा ते बाहेरची कडा मोजा. पेलेट ४.५ मिमीचा असतो, म्हणून त्यातून ४.५ वजा केले की दोन टोकाच्या शॉटच्या केंद्रांमधले अंतर मिळते. पेलेटचे केंद्र मध्यापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.० किंवा जास्त मिळतात. म्हणजे बाहेरून ९.५ मिमी भरणारा ग्रुपसुद्धा नीट मध्यावर बसला तर जवळजवळ सगळे दहा देतो. चांगली मॅच रायफल आणि तिला मानवणारा पेलेट असेल तर पिशवीवरून १० शॉट ७ मिमीच्या आसपास यायला हवेत. तुमचे ७-८ मध्ये आले तर रायफलीला निर्दोष समजा आणि खाली मुलीच्या शरीराबद्दल जे लिहिले आहे तिथे थेट जा. ९.५ च्या पुढे गेले तर रायफल उघडायच्या आधी पुढच्या गोष्टी बघा, आणि त्याच क्रमाने, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

स्क्रू. स्टॉक आणि ॲक्शन (रायफलची यंत्रणा) जोडणारे, मागच्या डायऑप्टरचे (डोळ्याजवळची बारीक छिद्राची साइट), पुढच्या फोरसाइट टनेलचे (बॅरलच्या टोकाची साइट), बॅरलवरच्या वजनांचे, चीकपीसचे (गाल टेकवायचा भाग), बट प्लेटचे (खांद्याला टेकणारा भाग). सेकंड-हँड रायफल प्रवासाला सुटी करून पाठवतात आणि पुन्हा जोडताना कुणीतरी घाई केलेली असते. किती घट्ट करायचे ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेवढेच करा. जास्त आवळल्यानेही ॲक्शनवर ताण येतो. लाकडी स्टॉक असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगते, थंडीत आकसते, म्हणून हंगाम बदलला की पुन्हा बघा. घट्ट केल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पेनने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे लांबूनही कळते. टार्गेटवर दोन वेगळे ढीग दिसत असतील, मध्ये रिकामे आणि दोन्ही ढीग आपापल्या जागी घट्ट, तर तो बहुतेक वेळा सैल साइट किंवा सैल स्टॉक असतो. रायफल खाली ठेवून परत उचलली की ढीग बदलतो का, तेही बघा. तसे होत असेल तर डोके दर वेळी चीकपीसवर वेगळ्या ठिकाणी टेकत असण्याचीही शक्यता आहे.

डायऑप्टरची स्वतंत्र परीक्षा घ्या. पिशवीवर एक ग्रुप मारा. मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर दोन-तीन शॉट. शेवटचे शॉट पहिल्या ग्रुपमध्येच पडायला हवेत. पडले नाहीत तर आतल्या स्क्रूला खेळ आहे. अशी साइट शॉट खाली आणायला दोन क्लिक दिले तरी हलत नाही आणि तिसऱ्याला एकदम उडी मारते, आणि मूल बिचारे स्वतःला दोष देत राहते. बॅरल राहू द्या, फक्त साइट दुरुस्तीला द्या.

पेलेटबद्दल रेंजवर जितके बोलले जाते तितके तपासले जात नाही. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ वगैरे, आणि लॉट नंबर असतो. तोच ब्रँड, तेच नाव, तोच व्यास असला तरी लॉट वेगळा असेल तर रायफल वेगळी वागू शकते. म्हणून तीन वेगळे लॉट थोडे थोडे घ्या, ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून मागून आणा, आणि पिशवीवरून प्रत्येकाचे १० शॉटचे दोन-तीन ग्रुप मारा. ज्याचा ग्रुप सर्वांत लहान, त्याच लॉटचे वर्षभराचे डबे एकदम घ्या. आयात पेलेट स्वस्त नाहीत, म्हणूनच आधी चाचणी करून मग साठा करावा. पेलेटचा मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, फार नाजूक असतो. डबा खाली पडला, मुलांनी मूठभर पेलेट जॅकेटच्या खिशात टाकले, की स्कर्ट वाकतो, आणि वाकलेल्या स्कर्टचा पेलेट बॅरलमधून बाहेर पडताना तिरका निघतो. भरतानाही अंगठ्याने सरळ पुढे सरकवायचा. घाईत तिरका ढकलला की तो एकटा फ्लायर (भलतीकडे जाणारा शॉट) तयार होतो ज्याचे कारण कुणालाच सापडत नाही.

बॅरल स्वच्छ करायला फेल्टचे पेलेट वापरा आणि ते मागच्या बाजूनेच घाला. पुढून धातूची सळई घालणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याला थांबवा. बॅरलच्या तोंडाची कडा, म्हणजे क्राउन, हा पेलेटला शेवटचा स्पर्श करणारा भाग असतो आणि तिथला एक ओरखडा सगळा ग्रुप फोडतो. कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हळू फिरवा. धागा अडकला तर तिथे खरवड आहे. पुढचे एअर स्ट्रिपर (पेलेटमागची हवा बाजूला काढणारा भाग) किंवा जोडनळी काढून तिच्या आतल्या कडेला एकाच बाजूला शिशाचा करडा डाग दिसतो का, तेही बघा. दिसला तर पेलेट तिथे घासून जातो आहे. जोडणी वाकडी बसली आहे, बॅरल नीट असूनही ग्रुप फुटतो, आणि सरळ बसवले की दोष संपतो.

साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडेतिकडे जातील. ते मोजू नका.

आता रेग्युलेटर. या एका भागावर रेंजवर सर्वांत जास्त खापर फुटते, म्हणून गणित मांडतो. मॅच रायफलचा पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो आणि १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १७ मिमी खाली येतो. वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर उंचीत साधारण ०.२ मिमी फरक पडतो. म्हणजे ५ मिमीचा उभा पसारा फक्त हवेमुळे यायचा असेल तर वेग २० मीटरहून जास्त घसरावा लागेल. एवढा बिघडलेला रेग्युलेटर लपून राहत नाही. शॉटचा आवाज बदलतो, रायफल भरून ठेवली की दाब उतरतो किंवा दीर्घ विश्रांतीनंतरचा पहिला शॉट हमखास वर जातो. क्रोनोग्राफ मिळाला तर १० शॉटचा वेग मोजा. दोन-तीन मीटरच्या आत असेल तर रेग्युलेटरचे नाव काढू नका. सिलिंडरमधला दाब उत्पादकाने सांगितलेल्या खालच्या मर्यादेच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सामन्याच्या शेवटच्या १५ शॉटमध्ये खाली पडणारा ग्रुप दिसेल आणि लोक म्हणतील मुलगी दमली.

सिलिंडरवरची तारीख मात्र आजच बघा, ही अचूकतेपेक्षा मोठी गोष्ट आहे. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक वापराची मुदत देतात, अनेकदा १० वर्षे. सेकंड-हँड रायफलबरोबर मुदत संपलेला सिलिंडर सर्रास येतो. २०० बारचा दाब मुलीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो, इथे काटकसर करायची नाही. भरायला फक्त कोरडी, स्वच्छ हवा वापरा, ऑक्सिजन कधीही नाही. हवेच्या मार्गात खनिज तेल घालू नका. ओ-रिंगला लागलेच तर उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हातपंपाने भरणाऱ्यांच्या सिलिंडरमध्ये ओलावा जातो आणि व्हॉल्व्हच्या आत गंज धरतो, तेव्हा पंपाचा फिल्टर वेळेवर बदला.

आता ज्या भागावर माझा खरा संशय आहे तिकडे येतो. ही रायफल दुसऱ्या कुणाच्यातरी शरीराला लावलेली आहे. बट प्लेटची उंची, बटची लांबी, चीकपीसची उंची आणि आडवी जागा, डायऑप्टर डोळ्यापासून किती लांब, हाताखालच्या भागाची उंची, ट्रिगर ब्लेड कुठे, हे सगळे आधीच्या मालकाचे आहे. तो बहुधा मोठा पुरुष असेल किंवा उंच मुलगी. तुमची मुलगी १५ वर्षांची आहे, म्हणजे ती अजून वाढते आहे. आज जुळवलेली रायफल सहा महिन्यांनी पुन्हा जुळवावी लागणार, हे धरूनच चला.

जुळणी अशी तपासा. रिकाम्या रायफलने, सेफ्टी फ्लॅग लावून, मुलीला पूर्ण जॅकेट घालून पोझिशनमध्ये उभी करा. डोळे मिटू द्या, दोन श्वास घेऊ द्या, डोके आरामात टेकू द्या. डोळे उघडल्यावर तिला मान न हलवता डायऑप्टरच्या मध्यातून फोरसाइट गोल दिसायला हवी. मान पुढे ताणावी लागली, हनुवटी दाबावी लागली, तर चीकपीस किंवा साइट हलवा, मान नाही. ताणलेली मान ६० शॉट टिकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दशकात (दहा-दहा शॉटच्या फेरीत) डोके सरकते आणि ग्रुप त्याबरोबर सरकतो. तिचे दहा-दहा शॉटचे आकडे वेगळे लिहून बघा. पहिली दोन दशके जुन्या स्कोअरसारखी आणि पुढची घसरलेली असतील तर उत्तर तिथेच मिळेल.

मग डोळे मिटून उघडल्यावर रायफल आपोआप कुठे बघते आहे तेही बघा, ज्याला आम्ही एनपीए (नॅचरल पॉइंट ऑफ एम) म्हणतो. ती टार्गेटच्या उजवीकडे बघत असेल आणि मुलगी हाताने डावीकडे ढकलून धरत असेल, तर ट्रिगर सुटताना रायफल परत उजवीकडे जाते. असा ग्रुप आडवा पसरतो. उपाय म्हणजे पाय सरकवणे, खांदा किंवा हात नाही. उभा पसरणारा ग्रुप श्वासाचा असतो, किंवा डावे कोपर कमरेवर दर वेळी वेगळे टेकते म्हणून होतो.

रायफलचा कल हाही पाव गुणाचा मोठा चोर आहे. ती एका बाजूला कलली की वर सांगितलेली १७ मिमीची घसरण तिरकी होते. ५ अंशांचा कल म्हणजे टार्गेटवर सुमारे १.५ मिमी, म्हणजे ०.६ गुण, आणि तोही कललेल्या बाजूला. कल असण्यात काही वाईट नाही, अनेक उत्तम नेमबाज मुद्दाम थोडी कलती धरतात. पण तो दर शॉटला सारखाच हवा. नवीन बट प्लेट खांद्याच्या खळग्यात नीट बसत नसेल तर प्रत्येक वेळी दोन-तीन अंश बदलतात आणि तेवढ्यानेच तुमची सगळी घसरण होते. सरावात मागे उभे राहून मोबाइलवर चित्रण करा, टनेलचा कल शॉटमागून शॉट तुलना करून बघा.

ट्रिगर आणि फोरसाइट यांचे थोडक्यात. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराची, खालची मर्यादा नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने तो अगदी हलका ठेवलेला असू शकतो. क्लबच्या रायफलची सवय असलेल्या मुलीचे शॉट मग तिच्या मनात येण्याआधीच सुटतात. सध्या जुन्या रायफलइतके वजन लावा, हलका करायला पुढे वर्षे आहेत. फोरसाइटच्या रिंगबद्दल सांगायचे तर, टार्गेटचा ३०.५ मिमीचा काळा भाग फोरसाइटच्या जागी जेमतेम पावणेतीन मिमीचा दिसतो. रिंग फार घट्ट असेल तर पांढरी फट दिसेनाशी होते आणि मूल शॉट न सोडता उगाच धरून ठेवते. ४ मिमीच्या आसपासची किंवा थोडी मोठी लावून बघा. आणि डोळ्याचा नंबर गेल्या वर्षभरात तपासला नसेल तर तो आधी तपासा.

घरी सरावासाठी स्प्रिंगची ब्रेक-बॅरल रायफल वापरणारेही हेच विचारतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. स्प्रिंगची रायफल सुटताना पुढे-मागे दोन्ही दिशांना धक्का देते, म्हणून ती पिशवीवर घट्ट दाबून चाचणी घेऊ नका, उघड्या तळव्यावर सैल ठेवून घ्या, आणि दर वेळी तळवा त्याच जागी. त्याच दुहेरी धक्क्याने साधे स्कोप आतून सैल होतात. एअरगनसाठी बनवलेला स्कोप आणि त्याला सरकू न देणारी मागची स्टॉप पिन नसेल तर झिरो, म्हणजे स्कोपची जुळवणी, टिकणार नाही. धुराचा वास, मोठा आवाज आणि फ्लायर एकत्र आले तर स्प्रिंगच्या रायफलीत हवा दाबली जाते त्या भागात तेल जळते आहे. तेल घालणे थांबवा आणि तेल जळून संपेपर्यंत ग्रुप मोजू नका.

या आठवड्यात एवढेच करा: स्क्रू, सिलिंडरची तारीख, पिशवीवरचे पाच ग्रुप. पुढच्या आठवड्यात मुलीची जुळणी, आणि एका दिवशी एकच गोष्ट बदला, तारखेसह वहीत लिहून. चीकपीस आणि पेलेट एकाच दिवशी बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कुणीच सांगू शकणार नाही. नवीन जुळणीवर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, पहिल्या दिवसाच्या स्कोअरवरून ठरवू नका.

बॅरलचे सांगायचे तर शिशाचा मऊ पेलेट आणि एवढा कमी वेग यांनी मॅच बॅरल सहसा झिजत नाही. ते खराब होते सळईने, गंजाने आणि पडल्याने. तीन लॉटचे पेलेट तपासले, बॅरल साफ केले, क्राउन आणि जोडनळी बघितली, साइट चाचणीत पास झाली, आणि तरीही दुसऱ्या नेमबाजाच्या हातून पिशवीवर १० शॉट ९.५ मिमीच्या बाहेर जात राहिले, तर मात्र ती सगळी टार्गेट तारीख आणि लॉट नंबर लिहून रायफलबरोबर सर्व्हिसला पाठवा, आणि परत आल्यावर त्याच लॉटने त्याच पिशव्यांवर पुन्हा तीच चाचणी घ्या.